बोटावरचा आकडा आणि छातीतला दम

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपून मंडळी विहाराच्या ओट्यावर बसली होती. आमचे आरोग्याचे टेबल तिथेच एका कोपऱ्यात असते. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही पाच-सहा जण तिथे बसतो. एक निवृत्त परिचारिका, दोन आशाताई, औषधाच्या दुकानात काम करणारा एक तरुण आणि वही लिहायला कॉलेजच्या दोन मुली. रक्तदाब मोजायचा, बोट टोचून साखर बघायची, वजन करायचे, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघायचा आणि ज्याला गरज आहे त्याला चिठ्ठी देऊन सरकारी दवाखान्यात पाठवायचे, एवढेच आमचे काम.

त्या दिवशी एक आजी पायऱ्या चढून आल्या आणि खांबाला टेकून उभ्याच राहिल्या. दम लागला होता. सोबत नातू होता, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला असलेला, गुणी पोरगा. त्याने मनगटावरचे घड्याळ काढून आजींच्या हाताला बांधले. थोड्या वेळाने आकडा आला. तो म्हणाला, "आज्जी, ९७ आहे. काही झालेलं नाही तुला."

आजी म्हणाल्या, "मग ह्यो दम कुणाचा हाय रं?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. मग आमच्या सिस्टरांनी आपला चिमटा आजींच्या बोटाला लावला. तोही ९८ दाखवू लागला. नातवाला वाटले आपण जिंकलो. सिस्टरांनी मात्र आजींची खालची पापणी हलकेच ओढून पाहिली. आतला भाग पांढराफटक. दुसऱ्या दिवशी रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ६.४ निघाले. नातवाचे घड्याळ खोटे बोलले नव्हते, चिमटाही खोटे बोलला नव्हता. आणि आजींचा दम तर खराच होता.

त्या दिवसापासून ओट्यावर वाद चालू आहे, आणि तो आता वस्तीतल्या चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला आहे. एक पक्ष म्हणतो, "मशीन कशाला खोटं बोलंल? माणूस बोलतो खोटं." दुसरा म्हणतो, "ही सगळी कंपन्यांची धंद्याची थेरं. आमच्या बापजाद्यांना कुठं होतं ऑक्सिमीटर?" आम्हाला दोन्ही पक्ष चुकीचे वाटतात. का, ते थोडे सविस्तर सांगायचे आहे, कारण हा चिमटा आता घराघरात आहे. कोरोनात घेतलेला तो टीव्हीच्या फळीवर किंवा कपाटात पडून असतो, आणि कुणाला दम लागला की तोच आधी निघतो.

आधी आजींची गोष्ट पुरी करू. ऑक्सिमीटर रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सांगत नाही. रक्तातले जे हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते, त्यातले शेकडा किती भरलेले आहे, एवढेच तो सांगतो. एसटीचे उदाहरण घ्या. कळंबहून दिवसाला दहा गाड्या सुटायच्या त्या चारच सुटल्या, आणि चारही गच्च भरून गेल्या. गाड्या किती भरल्या, असे विचारले तर उत्तर येईल, शंभर टक्के. पण फाट्यावर उभी राहिलेली माणसे उभीच राहिली ना? आजींच्या अंगात गाड्याच कमी आहेत. ज्या आहेत त्या भरलेल्या, म्हणून आकडा ९८.

हे एका आजींपुरते नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. निम्म्याहून जास्त. आपल्या घरात चार बायका असतील तर त्यातल्या दोघी धरा. या दोघींना धाप लागली, पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि घरातल्या मुलाने चिमटा लावून "नॉर्मल आहे" म्हटले, तर त्यांची तक्रार तिथेच संपते. बाई पुन्हा पाणी भरायला जाते. एरवीही बाईच्या दमाकडे कोण लक्ष देतो? आता तिला गप्प बसवायला आकडाही मिळाला.

धुराचेही तसेच. चुलीच्या, शेगडीच्या किंवा विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. म्हणजे एसटीच्या सीटवर माणसांऐवजी पोती ठेवलेली. नेहमीचा ऑक्सिमीटर त्या पोत्यालाही प्रवासी समजून मोजतो. थंडीत दार लावून, आत शेगडी पेटवून झोपलेल्या माणसाचे डोके गरगरत असेल, तर चिमट्याच्या आकड्यावर विसंबू नये. आधी त्याला उघड्यावर आणावे आणि दवाखाना गाठावा.

इथपर्यंत दोष यंत्राचा नाही. आपण त्याला भलता प्रश्न विचारतो, एवढेच. पण दुसरी एक गोष्ट आहे आणि तिथे आकडाच घसरतो. ती आपल्या कातडीशी निगडित आहे.

हा चिमटा चालतो कसा? जपानच्या निहॉन कोडेन या कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये याची कल्पना मांडली. खरे तर ते दुसरेच काहीतरी मोजत होते. हृदयातून किती रक्त बाहेर पडते ते शोधताना नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांचे मोजमाप सारखे हलायचे. ती कटकट घालवता घालवता त्यांच्या लक्षात आले की या हलण्यातच रक्तातल्या ऑक्सिजनचा माग आहे. चिमट्यात एका बाजूला दोन दिवे असतात. एक लाल, जो आपल्याला दिसतो आणि दुसरा अवरक्त, जो दिसत नाही. ऑक्सिजन असलेले रक्त अवरक्त प्रकाश जास्त शोषते, ऑक्सिजन नसलेले रक्त लाल प्रकाश जास्त शोषते. बोटाच्या पलीकडे किती प्रकाश पोहोचला ते समोरचा सेन्सर बघतो, आणि ठोक्याबरोबर वरखाली होणारा तेवढाच भाग वेगळा काढून गणित करतो. आओयागी २०२० च्या एप्रिलमध्ये गेले. जगभर लोक त्यांचे यंत्र बोटाला लावून बसले होते, त्याच दिवसांत.

गणित केले तरी त्यातून थेट ९५ किंवा ९० येत नाही. यंत्राच्या आत एक तक्ता भरलेला असतो, त्यात बघून आकडा काढला जातो. आणि हा तक्ता माणसांवरून तयार होतो. निरोगी स्वयंसेवकांना बोलावून ऑक्सिजन कमी कमी असलेली हवा श्वासातून देतात, मनगटाच्या धमनीतून रक्त काढून खरा आकडा मोजतात आणि त्या वेळी यंत्रात काय सिग्नल आला ते लिहून ठेवतात. म्हणजे तुमच्या बोटाचे उत्तर दुसऱ्या कुणाच्या तरी बोटावरून काढलेले असते. त्या स्वयंसेवकांत बहुतेक गोऱ्या कातडीचे होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये नियम केला तोही इतकाच, की किमान दहा माणसांवर चाचणी घ्या आणि त्यात गडद वर्णाची किमान दोन असू द्या.

दोन माणसे. त्यांच्या बोटांवर आपल्या सगळ्यांच्या बोटांचा भार.

काळ्या-सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त असते आणि तेही प्रकाश शोषते. त्यामुळे गडद कातडीवर हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा वर दाखवला जाण्याची शक्यता वाढते. थोडा म्हणजे बहुतेक वेळा एक-दोन-तीन. निरोगी माणसात त्याने काही बिघडत नाही. पण आजारी माणूस काठावर असतो तेव्हा त्या दोन-तीनमध्येच सगळे असते. हे काल-परवा कळले असेही नाही. १९९० मध्येच अमेरिकेत जुब्रान आणि टोबिन या डॉक्टरांनी लिहून ठेवले होते की व्हेंटिलेटरवरच्या गोऱ्या रुग्णात ९२ वर भरवसा ठेवता येतो, काळ्या रुग्णात मात्र ९५ धरावा लागतो. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या अभ्यासातही तेच दिसले. त्याहून आश्चर्य म्हणजे १९७० च्या दशकात ह्यूलेट-पॅकार्ड या कंपनीने कानाला लावायचे एक यंत्र काढले होते. दोनऐवजी आठ प्रकारचा प्रकाश वापरणारे, आणि काळ्या लोकांवरही तपासलेले. ते महाग होते, अवजड होते, मागे पडले. स्वस्त, सुटसुटीत चिमटा आला आणि कातडीचा प्रश्न जुन्या यंत्राबरोबर अडगळीत गेला.

मग २०२० उजाडले. त्या वर्षी डिसेंबरमध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आकडे छापले. चिमट्यावर ९२ ते ९६ दिसत असताना धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली होता, असे गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा आढळले आणि काळ्या रुग्णांत ११.७ टक्के वेळा. जवळपास तिप्पट.

आता त्याच महिन्यांत आपल्याकडे काय चालले होते ते आठवा. १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. आमच्या आशाताई एका हातात ताप मोजायची बंदूक आणि दुसऱ्या हातात चिमटा घेऊन घरोघर फिरल्या. परंड्यापासून उमरग्यापर्यंत एकही वाडी, एकही तांडा सोडला नाही. ९५ च्या खाली आकडा आला तर पुढे पाठवायचे, असा हिशेब होता. चांगले काम झाले, त्यातून कित्येक जीव वाचले, हे आधी म्हटले पाहिजे. पण आमच्यातल्या एक ताई सांगतात, "चिमट्यातला सेल संपला की पदरचे पैसे घालून आणायचे. कधी कधी सेल उतरला की आकडा नाचायचा. मग आम्ही तीनदा लावून मधला लिहायचो." मधला लिहायचो! जगातल्या भल्या भल्या संशोधकांनी सांगितलेली सावधगिरी त्या बाईने आपल्या अक्कलहुशारीने शोधून काढली होती.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या वस्तीतले एक काका गेले. ऊसतोडीत आयुष्य गेलेला माणूस. दोन दिवस त्यांचा आकडा ९४-९५ होता. बसल्या जागी धाप लागायची, बोलताना वाक्य तुटायचे. फोन केला की एकच प्रश्न यायचा, "आकडा किती?" ९४ म्हटले की उत्तर ठरलेले, "घरीच राहा, ९३ च्या खाली गेला की सांगा." खाटा कमी होत्या, हे आम्हाला कळत होते. कुणा एका दवाखान्याला दोष देऊन उपयोग नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे गाडी मिळेपर्यंत उशीर झाला. त्यांच्या धमनीतले रक्त शेवटपर्यंत कुणी तपासले नाही. म्हणून चिमट्याने त्यांना मारले, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की दोन दिवस सगळे घर त्या लाल आकड्याकडे बघत होते आणि काकांकडे कुणी बघत नव्हते. त्यात आम्हीही होतो.

त्या काळात सरकारनेच काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत फक्त ऑक्सिजनचा आकडा नव्हता, हे आम्हाला नंतर कळले. मिनिटाला २४ किंवा जास्त श्वास होत असतील तर तोच मध्यम आजार समजावा, असेही त्यात होते. श्वास मोजायला सेकंदकाटा असलेले घड्याळ पुरते. ते काकांच्या भिंतीवरच टांगलेले होते.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. हा विषय निघाला की आपले काही तरुण लगेच म्हणतात, "म्हणजे मशीनसुद्धा जातिवादी!" थांबा. आपल्यात गोरे, सावळे, काळे सगळेच आहेत, तसेच इतर समाजांतही आहेत. जात कातडीवर लिहिलेली नसते. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ठणकावून सांगितले आहे. लाल दिव्याला आडनाव कळत नाही. पण उन्हात कोण राबते, हे जातीनेच ठरवलेले असते. दिवाळीनंतर भूम, वाशी, कळंबकडून ट्रॅक्टरच्या मागे संसार बांधून कारखान्यावर कोण जाते, ते आम्ही सांगायला नको. पहाटेच्या थंडीत गार पडलेले हात, कोयत्याने घट्टे पडलेली बोटे, उन्हाने रापलेली कातडी. गार बोट, जाड कातडी, गडद रंग, तंबाखूचा धूर, नखावरचे पॉलिश, या सगळ्यांनी आकडा बिघडू शकतो, असे अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने लोकांना सावध करताना सांगितले आहे. त्यांनी हेही सांगितले की चिमट्यावर ९० दिसले तर खरा आकडा ८६ ते ९४ च्या मध्ये कुठेही असू शकतो. ही यादी वाचताना आम्हाला आपल्याच माणसाचे बोट डोळ्यांसमोर आले.

आणि या बोटाची ही पहिलीच अडवणूक नाही. रेशन दुकानात अंगठा लावताना काय होते? गवंड्याचा, भांडी घासणाऱ्या बाईचा, ऊसतोड मजुराचा अंगठा मशीन ओळखत नाही. "पुसून लावा, ओला करून लावा, उद्या या." तिथे माणूस समोर जिवंत उभा असतो, गावाला माहीत असतो, तरी पडद्यावर लाल फुली आली की तो तो राहत नाही. मोबाइलचा कॅमेरा तर आमच्या पोरींचे चेहरे न विचारता उजळ करून टाकतो. वही लिहिणारी आमची कॉलेजची मुलगी म्हणते, "फोटोत मी मला सापडतच नाही." हसण्यावारी नेण्यासारखे वाटेल, पण सगळीकडे गोष्ट तीच आहे. यंत्र बनवताना टेबलाच्या पलीकडे कोण बसले होते आणि कोण नव्हते?

यावर नातवाचे उत्तर तयार होते. त्याच्याबद्दल आम्हाला आदर आहे. तो शिकला, पुण्याला गेला, आजीला दर महिन्याला पैसे पाठवतो. तो म्हणाला, "पुढच्या दोन-तीन वर्षांत एआय हे सगळं दुरुस्त करेल. हार्डवेअर रोज सुधारतंय." सुधारेल, खरे आहे. पण आपोआप सुधारत नाही. याच घड्याळांवरून अमेरिकेत मोठा दावा चालला. मॅसिमो या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीने अॅपलवर आपले ऑक्सिजन मोजण्याचे पेटंट वापरल्याचा आरोप केला, २०२३ च्या डिसेंबरमध्ये तिथे त्या घड्याळांच्या आयातीवर बंदी आली आणि २०२४ च्या जानेवारीपासून अॅपलला तिथल्या नव्या घड्याळांतली ती सोय बंद करावी लागली. दोन बलाढ्य कंपन्या एवढ्याशा दिव्यासाठी वर्षानुवर्षे कोर्टात भांडल्या. भांडण होते दिवा कुणाचा यावर. बोट कुणाचे, हा त्या दाव्यातला प्रश्नच नव्हता. आणि अशा बहुतेक घड्याळांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेले असते की हे वैद्यकीय वापरासाठी नाही. जाहिरातीत मात्र धावणारे कुटुंब आणि मोठा आकडा. आम्ही नातवाला ते बारीक अक्षर वाचायला लावले. त्याने भिंगासाठी मोबाइलच वापरला, ते सोडा.

मोबाइलवरच बोट ठेवून ऑक्सिजन दाखवणारी अॅप्स आणखी वाईट. कोरोनाच्या काळात केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर दोस्तने अशा बनावट अॅप्सबद्दल इशारा दिला होता, कारण ती बोटाचा ठसा आणि माहिती चोरत होती. ज्याच्या फोनमध्ये असेल त्याने आजच काढून टाकावे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. यंत्रच नको म्हणणाऱ्यांकडे. टपरीवरच्या एका ज्येष्ठांनी आम्हाला ऐकवले की नाडी बघून सगळे कळणारे वैद्य पूर्वी होते. असतील. आपल्या वस्तीची नाडी धरायला त्यातले किती आले, हा प्रश्न आम्ही त्यांना नम्रपणे विचारला. बाबासाहेबांनी १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या ग्रंथात यंत्राची बाजू घेतली आहे, ती याच कारणाने. माणसाला गुरासारखे राबण्यापासून सोडवायचे आणि मनाच्या वाढीसाठी फुरसत द्यायची तर यंत्राला पर्याय नाही, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्रयुगाने काही वाईट झाले असेल तर दोष यंत्राचा नसून काही थोड्यांचा फायदा पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे, हेही त्यांनी तिथेच मांडले. हे वाचलेला माणूस चिमटा फेकून देऊ शकत नाही. तो चिमटा आपल्या बोटासाठी नीट बनवून मागेल.

आणि मागितले की मिळते, निदान हलते. त्या २०२० च्या अभ्यासानंतर अमेरिकेत गदारोळ झाला. २०२४ मध्ये ब्रिटनच्या सरकारने नेमलेल्या समितीने या यंत्रांतल्या भेदावर अहवाल दिला. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या प्रशासनाने नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यात दहा माणसांऐवजी दीडशे किंवा जास्त माणसांवर चाचणी घ्या आणि त्यांच्या कातडीचा रंग ठरलेल्या छटांशी ताडून नोंदवा, असे आहे. त्या छटांची दहा रंगांची पट्टी एलिस मंक या हार्वर्डच्या समाजशास्त्रज्ञाने तयार केली. डॉक्टराने नव्हे, इंजिनिअरनेही नव्हे. आपल्या समाजशास्त्र शिकणाऱ्या मुलांना "यात पुढे काय स्कोप?" असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे मागायचे कुणाकडे? कायदा आहे. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याखाली आली आहेत. २०२१ च्या जुलैमध्ये ऑक्सिमीटरसह पाच उपकरणांच्या नफ्यावर सरकारने ७० टक्क्यांची मर्यादाही घातली. म्हणजे किमतीवर लगाम घालता येतो हे सरकारने दाखवून दिले. मग खरेदीच्या निविदेत एक ओळ वाढवायला काय हरकत आहे, की हे यंत्र कोणकोणत्या वर्णाच्या, किती माणसांवर तपासले ते कंपनीने लिहून द्यावे? धाराशिवला २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपली मुले-मुली तिथे शिकत आहेत. धमनीतल्या रक्ताची तपासणी आणि चिमट्याचा आकडा शेजारी शेजारी ठेवून बघणे हा त्यांच्यातल्या कुणाच्या तरी प्रबंधाचा विषय होऊ शकतो, आणि त्यासाठी लंडन-मिशिगनला जायची गरज नाही. पालकांनो, मुलगा किंवा मुलगी सुट्टीला घरी आली की हे कात्रण पुढे ठेवा. यंत्रामुळे इजा झाली किंवा ते सतत चुकीचे दाखवत असेल, तर त्याची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून सुरू आहे. त्याचा निःशुल्क फोन क्रमांक १८००-१८०-३०२४. वापरा. नोंदच झाली नाही तर प्रश्नच नाही, असे कागद म्हणतो.

तोवर घरी काय करायचे, हे टेबलावर रोज विचारले जाते. चिमटा लावण्याआधी पाच मिनिटे स्वस्थ बसा. हात चोळून गरम करा. नेलपॉलिश पुसा. मेंदी रंगलेले बोट सोडून दुसरे घ्या. हात छातीच्या उंचीवर स्थिर धरा, उन्हात बसून लावू नका. आकडा येताक्षणी वाचू नका, मिनिटभर थांबून स्थिर झालेला वाचा आणि वेळेसकट लिहून ठेवा. एका आकड्यापेक्षा उतरत जाणारी रांग जास्त सांगते. सकाळी ९८, दुपारी ९६, रात्री ९४ असेल तर "अजून ९४ आहे" असे समाधान मानू नका, चार अंकांनी उतरला हे डॉक्टरांना सांगा. आणि श्वास मोजायला शिका. माणूस शांत पडलेला असताना छाती किंवा पोट वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजायचे, त्याला न सांगता, नाहीतर तो मुद्दाम हळू घेतो. मोठ्या माणसात १२ ते २० नेहमीचे. २४ किंवा जास्त असतील तर चिमटा काहीही म्हणो, दवाखाना. लहान मुलांचे वेगळे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६०, वर्षाच्या आतल्यात ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका. ओठ निळसर पडणे, एका दमात वाक्य पुरे न होणे, झोपाळल्यासारखे होणे, छातीत दुखणे, यातले काहीही असेल तर आकडा बघत बसू नका. १०८ ला फोन करा.

दवाखान्यात गेल्यावर "आकडा चांगला आहे, घरी जा" म्हटले तर भांडू नका, पण उठूही नका. "साहेब, दम लागतोय, श्वास मिनिटाला २६ आहेत, आम्ही मोजलेत," असे सांगा. रक्त तपासायला सांगा, हिमोग्लोबिन तरी. आमचा अनुभव असा की मोजून नेलेला श्वास डॉक्टर ऐकतात. नुसता "लई दम लागतोय" ऐकायला त्यांना रांगेपुढे वेळ नसतो, हे वाईट आहे पण खरे आहे.

आजींना लोहाचे इंजेक्शन सुरू झाले आहे. रक्त एवढे कमी का झाले, त्याची तपासणी चालू आहे. नातवाने घड्याळ त्यांच्याच हातावर ठेवले. त्यात सेकंद दिसतात म्हणून आम्हीही काही म्हटले नाही.

येत्या दुसऱ्या रविवारी वंदनेनंतर घरातला ऑक्सिमीटर घेऊन या. त्यातला सेल काढून ठेवला असेल तर तोही आणा. पाच-सहा चिमटे एकाच माणसाच्या बोटांना पाळीपाळीने लावून कोणता किती वेगळा दाखवतो ते आम्ही वहीत लिहिणार आहोत. त्यानंतर अर्धा तास श्वास मोजण्याचा सराव. त्यासाठी भिंतीवरचे मोठे घड्याळ विहारातच आहे. त्याचा सेकंदकाटा बंद पडला होता, तो आमच्या औषध दुकानातल्या तरुणाने बाजारातून दुरुस्त करून आणला आहे.